कड्या उत्तम, साखळी कच्ची

अनेक संस्थांच्या वेब सेवा जोडून एक काम तडीस नेणे म्हणजे सेवा-संयोजन, आणि त्यातले कोणते काम कोणाकडे सोपवायचे हे ठरवणे म्हणजे भागीदार-निवड. भिवंडीतल्या मानकोली किंवा काल्हेरच्या गोदामातून कापडाच्या गाठी सुरतेला जायच्या, तर त्या एका ऑर्डरीमागे साठ्याची नोंद, पैसे भरणे, वाहतूकदाराचे बुकिंग, ई-वे बिल आणि ग्राहकाला निरोप अशा वेगवेगळ्या मालकीच्या सेवा एकमेकींशी बोलतात.

रूढ मत असे की, प्रत्येक कामासाठी सर्वांत स्वस्त आणि वेगवान सेवा सुटी निवडावी. कडी न् कडी उत्तम असली की साखळी उत्तम होणारच. हे मत टिकत नाही. खर्चाची बेरीज होते, भरवशाचा मात्र गुणाकार. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या पाच सेवा प्रत्येकी शंभरात ९९ वेळा यशस्वी होत असल्या, तरी पाचही पार पडण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांवर येते. शिवाय मुदत आणि खर्चाची मर्यादा पूर्ण ऑर्डरीवर असते. झेंग, बेनतल्ला आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेली पद्धत म्हणूनच किंमत, कालावधी, लौकिक, यशाचे प्रमाण आणि उपलब्धता या पाच कसोट्या पूर्ण साखळीला लावते.

पण आकडेही पुरत नाहीत. भागीदारांचे व्यवहार जुळावे लागतात. ५० हजार रुपयांवरचा माल परराज्यात पाठवताना ई-वे बिल लागते. ती सेवा सरकारी, तिथे निवडीला वाव नाही. इतरांनीच तिच्याशी जमवून घ्यायचे. बिलाच्या ‘ब’ भागात वाहनाचा क्रमांक लागतो. स्वस्त वाहतूकदाराची प्रणाली तो वेळेवर कळवत नसेल, तर भरलेली गाडी गोदामाच्या दारातच उभी राहते आणि भाड्यात वाचलेले पैसे तिथेच जातात. यंत्रमागवाल्यांना हे नवे नाही: सायझिंग, म्हणजे सुताला खळ देणे, कच्चे झाले की सूत मागावर तुटते आणि खोटी होते ती मागाची.

दुसरा आग्रह असा की, खुल्या यादीतून ऐनवेळी कोणताही अनोळखी भागीदार उचलावा. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी अशीच सार्वजनिक नोंदवही चालवली. २००६ साली ती बंद झाली. नोंदवहीतले वर्णन वाचून सेवेला हाक मारता येते, पण माल हरवला तर जबाबदार कोण, हे त्या वर्णनात नसते. ऑनलाइन व्यापाराच्या ओएनडीसीसारख्या खुल्या जाळ्यातही सहभागी आधी नोंदवले जातात आणि नियमांनी बांधले जातात.

म्हणून निवड दोन टप्प्यांत व्हावी. आधी करार, संदेशांचा क्रम आणि ऑर्डर रद्द झाल्यास पैसे व माल परत फिरवण्याची सोय तपासून प्रत्येक कामासाठी दोन-तीन भागीदार पक्के करावेत. सेवा-संयोजनासाठीच्या २००७ च्या डब्ल्यूएस-बीपीईएल २.० या मानकात भागीदार-दुवे आणि झालेले काम उलटवण्याची तरतूद दोन्ही आहेत, ते याच गरजेपोटी. मग प्रत्यक्ष ऑर्डरीच्या वेळी त्या पक्क्या भागीदारांतून त्या दिवशीचा दर आणि उपलब्धता पाहून निवड करावी. ग्राहकाला निरोप पाठवण्यासारखी सेवा, जिच्यावर पुढचे काही अडत नाही, ती तेवढी खुशाल दर पाहून घ्यावी.