आधी बघा तरी, ते खातं काय

‘माकडं पकडा आणि चांदोलीच्या जंगलात नेऊन सोडा.’ आमच्या कोडोलीत हे इतक्यांदा ऐकलंय, की मी आता उलट विचारतो: माकडं की वानरं? रानात राबणाऱ्याला फरक ठाऊक असतो. ग्रुपवर पिंजरे मागणाऱ्यांना नसतो. वानर काळ्या तोंडाचं, त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं, पाला आंबवून पचवणारं. माकड लाल तोंडाचं, गालांच्या पिशव्यांत दाणे कोंबून पळणारं. आहार वेगळा, मग उपाय एकच कसा?

बोर्निओत बिरुटे गाल्डिकास १९७१ पासून ओरांगउटानांमागे फिरल्या. पहाटे घरट्यातून उठल्यापासून संध्याकाळी नवं घरटं बांधेपर्यंत त्यानं काय खाल्लं, किती वेळ खाल्लं, सगळं वहीत. फळांचा हंगाम सरला की ते साल, पाला आणि वड-उंबराच्या जातीच्या फळांवर तगतं, हे अशा वह्यांमुळेच कळलं. लांबचं उदाहरण वाटतंय? १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा जपानहून धारवाडला येऊन वानरांच्या टोळ्या बघत होते. धारवाडला इथून सकाळी निघालात तर जेवायला पोचाल.

आपण काय करतो? रस्त्यासाठी वड तोडतो, सावली पडते म्हणून बांधावरचा उंबर काढतो, देवळापुढं बिस्किटं टाकून रील करतो. मग टोळी भुईमुगात शिरली की ‘माजल्यात’ म्हणतो. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, भरपाई मिळालीच पाहिजे. पण पिंजऱ्यांवर पैसा घालण्याआधी बाराही महिने कुणीतरी वही घेऊन टोळीमागं फिरावं. गावात बीएस्सी झालेली रिकामी पोरं काय कमी आहेत?