घड्याळाला हार्ट अटॅक कळत नाही

जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाने स्मार्टवॉच बांधले, तर हार्ट अटॅक आधीच कळेल, हे एका पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. घड्याळाचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताचा चढउतार टिपतो. त्यातून ठोके कळतात, तुंबलेली रक्तवाहिनी नाही. ईसीजी काढणारे ॲपलचे घड्याळही हार्ट अटॅक ओळखत नाही, असे खुद्द कंपनीच सांगते. दवाखान्यातला ईसीजी बारा लीडचा, घड्याळाचा एकाच लीडचा.

उपयोग आहे, तो अनियमित ठोके पकडण्यापुरता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात चार लाखांवर माणसे होती. घड्याळाकडून अनियमित ठोक्यांचा इशारा मिळाला ०.५२ टक्क्यांना, त्यांतल्या ज्यांनी पुढे ईसीजीची पट्टी लावून तपासून घेतले, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांतच एट्रियल फिब्रिलेशन (अनियमित ठोक्यांचा विकार) निघाले.

शिवाय आपला मे महिना! जळगाव-धुळ्याच्या ४४-४५ अंशांत अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावते, ठोके वाढणारच. त्यात सैल पट्टा आणि घाम असला की आकडाही चुकतो. अशा वेळी आधी सावली, पाणी. मात्र छातीवर दाब आला, जबडा किंवा हात दुखू लागला, तर घड्याळ ७२ ठोके दाखवत असले तरी रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. गॅस म्हणून सोडा पिऊन वाट बघणारे खान्देशात कमी नाहीत.

– एक वाचक, पारोळा