मार्सेलिसची उडी आणि आमची सुट्टी

सुट्टीत तरी लिस्ट नको, असं नवऱ्याला दहादा बजावलं होतं. पण आठ वर्षं अंधेरी-चर्चगेट केलेल्या माणसाला ‘आज काहीच करायचं नाही’ ही आयडियाच झेपत नाही. पॅरिसहून ट्रेनने तीन-सव्वातीन तासांत मार्सेला पोचलो, सेंट शार्ल स्टेशनच्या १०४ पायऱ्या उतरलो आणि साहेबांनी खिशातून कागद काढला. सतरा ठिकाणं! कागद माझ्या पर्समध्ये गेला. आजचा दिवस माझा.

सकाळी जुन्या बंदरावर गेलो. होड्या लागतात तिथेच टेबलं मांडून ताजी मासळी विकतात. फ्रेंच ओ की ठो कळत नव्हतं, पण सूर ओळखीचा होता... घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढे व्हा. थेट वर्सोवा कोळीवाडा! मग फेरीबोटीने पलीकडचा काठ. पाच मिनिटांचा प्रवास. नवरा म्हणाला, ‘‘ही तर आपली मढची बोट. फक्त बाइक चढवत नाहीत!’’

दुपारी ल पान्येच्या चढउताराच्या गल्ल्यांमध्ये मुद्दाम वाट चुकलो. खिडक्यांत वाळणारे कपडे, कॉफी आणि ‘नाव्हेत’ नावाची होडीच्या आकाराची कडक बिस्किटं. तेवढ्यात बाबांचा फोन.

‘‘काय गं, मार्सेलिसचा समुद्र पाहिलास?’’

बाबांसाठी हे शहर म्हणजे एकच तारीख. ८ जुलै १९१०. सावरकरांना कैदी म्हणून लंडनहून मुंबईला आणत होते. ‘मोरिया’ बोट इथे बंदरात थांबलेली असताना शौचालयाच्या गोल खिडकीतून त्यांनी उडी मारली, पोहत किनारा गाठला. फ्रेंच पोलिसाने पकडून पुन्हा बोटीवर नेलं. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि १९११मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला मैलोनमैल समुद्र दिसायचा. खरं तर बोट बंदरातच होती, पोहायचं अंतर थोडंच होतं. कठीण होतं ते किनाऱ्यावर आल्यानंतरचं. ओलेत्या अंगाने, परक्या शहरात, मागे शिपाई. त्याच शहरात मी पर्समध्ये व्हिसा ठेवून हौसेने हरवले होते. हातातली कॉफी एकदम जरा जड झाली.

संध्याकाळी ६० नंबरच्या बसने टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चला गेलो. गावातले लोक तिला ‘ला बॉन मेर’ म्हणतात, म्हणजे आपली माउलीच. खाली अख्खं बंदर. बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता फोन समुद्राकडे धरला. ते बराच वेळ गप्प. मग चष्मा पुसत म्हणाले, ‘‘बरं झालं गं. माझं काही आता होणार नव्हतं.’’

का होणार नव्हतं? ७१ वर्षांच्या माणसाने गुडघे दुखतात म्हणून पासपोर्टच काढला नव्हता, आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं. दर वर्षी आमच्या दोन तिकिटांचे ईएमआय मात्र बिनबोभाट जात होते.

परतल्यावर पहिल्याच शनिवारी त्यांचा फॉर्म भरला. बाबा कुरकुरले, पण फोटोसाठी इस्त्रीचा शर्ट घालून तयार.

तुमची पुढची सुट्टी कुठे? लिस्ट घरीच ठेवा. पण निघण्याआधी आई-बाबांना विचारून बघा, त्यांच्या मनात कुठलं शहर राहून गेलंय.