दारी सर्व्हरचा हत्ती

मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो आणि घरात कॉम्प्युटरचा विषय निघतो. बजेट ठरतं, बापलेक बाजारात जातात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस की बंगळूरचा एस. पी. रोड, संवाद साधारण एकच. "काका, त्या नव्या मशिनात कोअर चारच. हे बघा, खास सर्व्हरचा प्रोसेसर, इंटेलचा झिऑन. आठ कोअर! मोठमोठ्या कंपन्यांत हेच चालतं." मशीन वापरलेलं, पण किंमत नव्यापेक्षा कमी आणि कोअर दुप्पट. बाबांना हिशेब पटतो, मुलाला 'सर्व्हर' हा शब्द भुरळ घालतो.

दुकानदार खोटं बोलत नसतो, हीच तर गंमत. फक्त आठ कोअर म्हणजे दुप्पट वेग, हे गिऱ्हाइकानं आपल्या मनानं जोडून घेतलेलं असतं.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम उरकणारा एक गडी. गडी जास्त तर काम लवकर, हे खरं; पण काम वाटून देता आलं तरच. दहा शेगड्या पेटवल्या म्हणून एका कुकरच्या तीन शिट्ट्या लवकर होत नाहीत. जीन अॅमडाल या कॉम्प्युटरतज्ज्ञानं १९६७ मध्येच हे गणितानं मांडलं होतं. एखाद्या कामाचा निम्मा भाग ओळीनंच करावा लागत असेल, तर हजार कोअर लावूनही ते काम दुपटीपेक्षा लवकर संपणार नाही. आणि घरातली बहुतेक कामं याच जातीची असतात. एक्सेलची फाइल उघडणं, इंटरनेटवरचं पान येणं, बरेचसे खेळ, या साऱ्यांत एकदोन गडी घाम गाळतात आणि बाकीचे बसून राहतात. म्हणून घरगुती प्रोसेसरमध्ये गडी थोडे, पण चपळ ठेवलेले असतात.

सर्व्हरचा धर्म वेगळा. सकाळी दहाच्या ठोक्याला तात्काळ तिकिटासाठी देशभरातून माणसं तुटून पडतात, ते दृश्य आठवावं. तिथं एका माणसाचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होण्याला महत्त्व नाही. हजारोंची कामं एकाच वेळी रेटली गेली पाहिजेत आणि मशीन मध्येच बसता कामा नये. लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक तो!

हा फरक पाहायला उत्तम जोडी म्हणजे एएमडी कंपनीचे २०२२ मध्ये आलेले दोन प्रोसेसर. रायझन ९ ७९५०एक्स हा घरगुती, तर एपिक ९६५४ हा सर्व्हरचा. दोघेही 'झेन ४' घराण्यातले, म्हणजे कोअरची घडण एकच. रायझनमध्ये असे १६ कोअर, एपिकमध्ये ९६. बाजारात आले तेव्हा कंपनीनं ठरवलेली किंमत रायझनची ६९९ डॉलर आणि एपिकची ११,८०५. जवळजवळ सतरा पट! पण रायझनचा एखादा कोअर जोरात आला की ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, एपिकचा ३.७ च्या पुढं जात नाही. म्हणजे एकेकट्या कामात सतरापट महागडा भाऊ मागं पडतो.

असं का? कारण उष्णता. एपिकसाठी कंपनीनं ३६० वॅटची मर्यादा आखली आहे. ती ९६ जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला पावणेचार वॅट येतात. रायझनचे १७० वॅट सोळा जणांत वाटले तर प्रत्येकाला साडेदहाच्या वर. अर्धपोटी गडी धावणार किती? मग जादा पैसे कशाचे? मेमरीकडून माहिती आणायला एपिकला बारा वाटा आहेत, रायझनला दोन. जवळचा साठा, ज्याला कॅश म्हणतात, तो ३८४ मेगाबाइट, रायझनचा ६४. शिवाय मेमरीतली चूक हेरून दुरुस्त करण्याची सोय सर्व्हरमध्ये नेमानं असते, घरगुती मशिनात सहसा नसते. हजारो लोकांचे व्यवहार सांभाळणाऱ्याला हे सगळं सोन्याच्या मोलाचं. घरी पत्र टाइप करणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

म्हणूनच प्रोसेसरच्या चाचण्याही दोन प्रकारच्या असतात. 'स्पेक' ही १९८८ मध्ये स्थापन झालेली संस्था एक काम किती वेळात होतं ते वेगळं मोजते आणि ठरावीक वेळात एकूण किती कामं उरकतात ते वेगळं. जाहिरातीत मात्र जो आकडा मोठा, तोच छापतात.

घोळ तसा जुनाच आहे. इंटेलनं १९९५ मध्ये पेंटियम प्रो आणला, तोही भारदस्त मशिनांसाठी. विंडोज ९५ मध्ये जुन्या धाटणीच्या १६-बिट आज्ञा भरपूर होत्या. त्या चालवताना हा महागडा गडी साध्या पेंटियमच्या पुढं फारसा जाईना. त्याच पेंटियम प्रोंची हजारोंची फौज अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत 'अॅस्की रेड' या महासंगणकात उभी राहिली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिनं सेकंदाला एक लाख कोटी गणितांचा टप्पा जगात प्रथम ओलांडला.

आता दुकानातल्या त्या झिऑनकडे. असा एक नेहमी दिसणारा मॉडेल म्हणजे ई५-२६७०. मार्च २०१२ मध्ये आला तेव्हा किंमत दीड हजार डॉलरच्या वर होती. मोठ्या कंपन्यांनी सर्व्हर बदलले, तसा २०१६ च्या सुमारास तो शंभर डॉलरच्या आत मिळू लागला. त्याच्यासमोर २०२२ चा साधा कोअर आय३-१२१०० ठेवावा. कोअर चारच, पण एकेकट्या कामात सुमारे दुप्पट वेगवान. सगळे कोअर राबवणाऱ्या चाचण्यांतही तो सहसा पुढंच. झिऑनची वीज ११५ वॅट, आय३ची जोरात असतानाही ८९. झिऑनमध्ये चित्र दाखवायची सोय नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा खर्च निराळा. त्यात विंडोज १०ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आणि विंडोज ११च्या मान्य यादीत हा झिऑन नाही.

अर्थात, सगळेच जुने झिऑन टाकाऊ नव्हेत. मुलगी अॅनिमेशन शिकत असेल आणि रात्रभर चित्रं तयार करायला मशीन लावून ठेवत असेल, किंवा मुलाला एकाच मशिनात चारपाच मशिनं चालवून नेटवर्किंग शिकायचं असेल, तर नंतरच्या पिढीतला चौदा-अठरा कोअरचा झिऑन स्वस्तात पदरात पाडून घेण्यात शहाणपण आहे. तेव्हाही मेमरी आणि मदरबोर्ड त्याच जातीचे लागतात, हे आधी विचारून घ्यावं. बोर्ड गेला तर तसाच दुसरा शोधताना दमछाक होते.

बाकीच्यांनी दुकानात कोअर मोजत बसू नये. मुलगा जे सॉफ्टवेअर वापरणार ते पेन ड्राइव्हवर न्यावं, दोन्ही मशिनांवर एकच फाइल उघडायला लावावी आणि बाबांनी मनगटावरच्या घड्याळात बघावं.