हाताचे कसब आणि संगणकाची विद्या

पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि या परिसरास उद्योगनगरीचे रूप येऊ लागले. पुढे चाकणच्या शेतजमिनींवर मोटारींचे कारखाने उभे राहिले. 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना तेथे सुरू झाला. ज्या आकुर्डीत पेट्रोलवर चालणारी चेतक स्कूटर तयार होई, तेथेच 2022 साली विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना उघडला. गाव तेच, नाव तेच; परंतु काम पालटले. अशा काळी आमच्या विद्यार्थ्यांनी कोणती तयारी करावी, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पुष्कळ पालकांची अशी समजूत दिसते की, मुलगा मोबाईल सफाईने हाताळतो, त्या अर्थी त्यास संगणकविद्या आलीच. ही समजूत बरोबर नव्हे, असे आम्हांस नम्रपणे सांगावेसे वाटते. सीएनसी लेथवर काम करणाऱ्यास ड्रॉइंग वाचावे लागते व अंतरे आकड्यांनी यंत्रास सांगावी लागतात. नववीच्या भूमितीतील निर्देशक ते हेच होत! दशांशचिन्ह एक घर सरकले तरी टूल जॉबमध्ये घुसून दोहोंचाही नाश होऊ शकतो. यंत्र आज्ञा पाळते. आज्ञा योग्य की अयोग्य, हे पाहणे माणसाकडेच राहते. सबब, जो गणितात कच्चा व मोजमापात निष्काळजी, त्यास संगणक तारणार नाही.

दुसरी समजूत अशी की, आय.टी.आय.ची वाट ही कॉलेजात प्रवेश न मिळालेल्यांची. जर्मनीत असंख्य तरुण काही दिवस शाळेत व काही दिवस कारखान्यात असे शिकून सन्मानाने कारागीर होतात. त्याच धर्तीवर फोक्सवॅगनने चाकण येथे मेकॅट्रॉनिक्सचे, म्हणजे यंत्र, वीज व संगणक यांचे एकत्रित शिक्षण सुरू केले. अशा शिक्षणास कमी लेखणे हे आपलेच नुकसान करून घेणे होय.

मात्र शिकण्याचा भार केवळ मुलांवर टाकून चालणार नाही. युरोपीय संघाने 2030 पर्यंत आपल्या प्रौढांपैकी शेकडा 80 जणांस मूलभूत डिजिटल कौशल्ये यावीत, असा संकल्प केला आहे. 2023 साली हे प्रमाण शेकडा 56 च्या सुमारास होते. पुढारलेल्या राष्ट्रांसही जर प्रौढांस पुन्हा शिकवावे लागते, तर आमच्या चाळिशीतील कामगारास लाज कसली? टूल बोथट झाल्याचे जो नुसत्या आवाजावरून ओळखतो, त्याचे ज्ञान टाकाऊ कसे म्हणावे? अशा कामगारास नवी विद्या कामाच्या वेळेतच, पगार न कापता शिकविणे, हे कारखानदारांचे कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शुभवर्तमानातील एका दासाने धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेविले व तो दोषी ठरला. पेटीत जपून ठेविलेल्या प्रमाणपत्राची गोष्ट याहून निराळी नाही. वडिलांनी मुलास व्हर्नियर धरावयास शिकवावे, मुलाने वडिलांस संगणक शिकवावा. आणि मुलींनीही यात मागे राहू नये. असे घर कोणत्याही बदलास भिणार नाही.