नकळत दारू सुटत नाही

एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात, केबलच्या पट्टीवर एक जाहिरात वर्षानुवर्षं दिसते : ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ भाजीत किंवा चहात मिसळायची भुकटी, ठरावीक दिवसांचा कोर्स, घरपोच. नवऱ्यापुढे विनवण्या करून थकलेल्या बाईला ही ओळ वाचून हायसं वाटलं तर नवल नाही. भांडण नको, दवाखाना नको, चारचौघांत शोभा नको. तरीही कळकळीची विनंती आहे, ती भुकटी घरात आणू नका.

पहिलं कारण जिवाचं आहे. अशा पुडीत काय आहे हे बहुतेक वेळा कळायला मार्ग नसतो. दारूवर चालणारं डायसल्फिराम नावाचं खरंखुरं औषध आहे. ते पोटात असताना दारू प्यायली, की दारूचं शरीरात होणारं विघटन अर्ध्यावर अडतं आणि विषारी घटक साचतो. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्या माणसाच्या हे जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर हे औषध रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्याशिवाय देत नाहीत, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूला शिवू नको असं बजावतात. ज्याला गोळी घेतल्याचंच ठाऊक नाही, तो हे पथ्य पाळणार कसं?

दुसरं कारण अधिक मोठं आहे. व्यसनमुक्तीच्या उपचारात जे काही घडतं, ते त्या माणसाला जागं करून, त्याला सोबत घेऊनच घडतं. (इथे ‘तो’ म्हणते आहे, पण बायकाही या आजारात सापडतात आणि लाजेपोटी त्यांचे उपचार आणखी लांबतात.) हे उपचार नेमके काय असतात हे ठाऊक नसल्यामुळेच भुकटीचा धंदा चालतो. म्हणून ते नीट समजून घेऊ.

सुरुवात शरीरापासून होते. रोज पिणाऱ्याचे सकाळी हात कापत असतील, घोट घेतल्यावरच ते थांबत असतील, तर त्याची दारू एकदम तोडायला लावू नका. शपथ घालून नाही, कोंडून नाही. दारू थांबल्यावर पहिल्या सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, दिवस-रात्रीचं भान सुटतं. या अवस्थेत माणसं दगावतात. दवाखान्यात हाच काळ औषधांच्या आधाराने पार पडतो : शांत करणारी औषधं ठरवून देतात आणि ती उतरत्या प्रमाणात बंद करतात, मेंदूला इजा होऊ नये म्हणून बी-१ जीवनसत्त्व देतात. याला डिटॉक्स म्हणतात. तो साधारण आठवडा-दहा दिवसांत आटोपतो. पंढरीची माळ घालून दारू सोडणारी माणसं आपल्याकडे आहेत, त्या श्रद्धेचा आदरच आहे. माळ जरूर घाला, पण हात कापत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा.

डिटॉक्स झाला की चेहऱ्यावर तेज येतं, भूक लागते, घरच्यांना वाटतं सुटली एकदाची. खरं काम इथून पुढे सुरू होतं. शरीरातली दारू गेलेली असते. रागावर, अपमानावर, झोप न येण्यावर दारू हाच एक इलाज माहीत असलेलं मन तसंच असतं. त्या मनाला दुसरे इलाज शिकवणं हे थेरपीचं काम.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा मोठा आधार होता. तेव्हा गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, तरुण पोरं पोखरली जात होती. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानायचं, हा विचार मराठी घरांत रुजवण्यात मुक्तांगणचा वाटा मोठा आहे. तिथले बरेच कार्यकर्ते एकेकाळी स्वतः रुग्ण होते. चांगल्या केंद्रातला दिवस बांधलेला असतो : वेळेवर उठणं, व्यायाम, कामाच्या पाळ्या, समुपदेशकाशी एकट्याने बोलणं आणि गटात बसून बोलणं. या गटाच्या बैठकीला घरचे कधीकधी नाक मुरडतात, ‘नुसत्या गप्पा’ म्हणतात. पण ‘मी कधीही सोडू शकतो’ हे वाक्य बायकोपुढे खपतं, स्वतः तेच वाक्य दहा वर्षं बोललेल्या वीस जणांपुढे खपत नाही. समुपदेशक त्याला प्रश्न विचारत जातो : शेवटचं कधी प्यायलास, त्याआधी काय घडलं, कोण भेटलं, खिशात पैसे किती होते? असं करत त्याला स्वतःच्या पिण्याची वाट दिसू लागते. ती दिसली की कुठल्या वळणावर थांबायचं हे ठरवता येतं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार वळणं जवळजवळ प्रत्येकाच्या वाटेवर असतात.

प्रत्येकाला भरती व्हावं लागतं असंही नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने एक प्रयोग केला. ज्यांचं पिणं घातक झालं होतं, पण पुरतं अवलंबित्व आलं नव्हतं, अशा पुरुषांशी प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी, डॉक्टरांनी नव्हे, जास्तीत जास्त चार वेळा ठरावीक पद्धतीने संवाद साधला. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा आधीच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले लोक या गटात ४२ टक्के होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ते १८ टक्के होते. लवकर आणि नीट बोललं तर एवढा फरक पडतो. आपण मात्र यकृत सुजेपर्यंत थांबतो. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला ना कुठला उपचार मिळतो.

केंद्र निवडताना भीड बाळगू नका. नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? घरच्यांना भेटू देतात का? खर्च लेखी देतात का? सुट्टी झाल्यावर फॉलोअप काय? माणसाला बांधून ठेवणं, मारणं हा उपचार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाचा आजारही येतो, आणि कुठल्याही रुग्णाला साखळीने बांधायला त्या कायद्याने बंदी आहे. त्याची संमती नसताना दाखल करायलाही कायद्याच्या अटी आहेत. ‘गाडी पाठवतो, उचलून नेतो, शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणाऱ्यांना नकार द्या.

घरच्यांनी काय करायचं? ऑफिसात ‘ताप आलाय’ असा खोटा फोन करणं थांबवा. बारची उधारी फेडू नका. त्याच्या पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचू द्या. तो प्यायलेला असताना वाद घालू नका, सकाळी शुद्धीत असताना बोला. टोमणा न मारता घडलेली एक गोष्ट सांगा आणि एकच मागणी करा. ‘अहो, परवा पगार झाला आणि दूधवाल्याचे पैसे राहिले. मला भीती वाटते. उद्या माझ्याबरोबर सिव्हिलला चला, डॉक्टरांशी एकदा बोलून बघू.’ पहिल्यांदा नाही म्हणतील, पण बोलणं सोडू नका. आणि स्वतःलाही आधार शोधा. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे, शहरोशहरी व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या बैठका होतात. घरात मारहाण होत असेल तर त्याच्या बरं होण्याची वाट पाहत बसू नका. आधी मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा, ११२ वर फोन करा.

केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले तीन महिने नाजूक असतात. पगाराचा दिवस, मित्राची हळद, गटारी, ३१ डिसेंबर या तारखांना आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि त्या दिवशी तो कुठे, कुणाबरोबर असेल हे दोघांनी मिळून ठरवा. ‘मी घेत नाही’ एवढं उत्तर पुरे, कारण द्यायची गरज नाही. नातेवाइकांनो, ‘आमच्यासाठी एकच घोट’ हा आग्रह तुमच्याकडून होता कामा नये. ओढ कमी करणारी नालट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, ती डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांना फी नसते, त्याला तिथे जात राहू द्या.

आणि घसरला तर? बरेच जण एकदा तरी घसरतात. मधुमेह्याची साखर एकदा वाढली म्हणून आपण इन्सुलिन फेकून देत नाही, डॉक्टरांकडे जातो. इथेही तेच करायचं. ‘सगळे पैसे पाण्यात गेले’ म्हणण्याआधी, दुसऱ्याच दिवशी, समुपदेशकाला फोन करायचा. मध्ये किती दिवस कोरडे गेले ते मोजा, काय चुकलं ते शोधा. गर्द किंवा तशा नशेबाबत मात्र एक धोका वेगळा आहे : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि जुन्याच प्रमाणात पुन्हा घेतलं तर श्वास बंद पडू शकतो. ही गोष्ट रुग्णाला आणि घरच्यांना दोघांनाही ठाऊक हवी.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ वर टेलिमानस आहे, दोन्ही विनामूल्य. फोन घरच्या कुणीही करावा, रुग्ण तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. काय बोलावं, कुठे न्यावं हे तुम्हाला आधी कळलं, तर तो ज्या दिवशी ‘चल’ म्हणेल, त्या दिवशी कुठे जायचं ते ठरलेलं असेल. तेव्हा तो फोन आजच करा.