कंबर दुखते, मग पिशवी का काढायची?

आरोग्य शिबिरात बाईला “काय होतंय?” असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, कंबर दुखते. मग आवाज खाली आणून दुसरं, अंगावरून पांढरं जातं. ही दोन दुखणी आपल्या मनात इतकी जोडलेली आहेत की कंबर दुखते म्हणजे पिशवीतच काहीतरी बिघडलं असणार, असं बाई स्वतःच ठरवून येते. या समजाचा फायदा कोण उठवतं ते बीड जिल्ह्यात दिसलं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींत एक.

सगळी ऑपरेशनं कंबरेसाठी झाली नाहीत हे खरंच. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, कॅन्सर होईल अशी भीती घातलेली असते. पण कंबरदुखी हे पिशवी काढण्याचं कारण म्हणून ऐकून घेतलं जातं, हेच मला मान्य नाही.

तिचं काम तर बघा. वाकून बुडापासून ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून तोल सावरत ट्रकमध्ये चढायचं. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरायची. खोपीवर परतल्यावर पाणी, सरपण, भाकऱ्या तिच्याच. बाळंतीण असली तरी थोड्याच दिवसांत फडात. या कंबरेनं दुखू नये तर काय करावं? ते दुखणं बहुतेक वेळा स्नायूंचं आणि मणक्याभोवतीच्या सांध्यांचं असतं, एक्स-रेत काही दिसतही नाही. पांढरं पाणी थोडंफार जाणं स्वाभाविक असतं. वास, खाज, ओटीपोटात दुखणं असेल तर जंतुसंसर्गाची तपासणी आणि औषधं घ्यावीत. त्यासाठी पिशवी काढायची नसते. उलट तिच्याबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचे परिणाम कितीतरी वर्षं आधी सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, आणि कंबर पुन्हा दुखतेच.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाला आणि दुखणं समजावून सांगण्याला जागा आहे; कमरेचे पट्टे आणि वजनं लावून ओढणं नेहमीचे उपचार म्हणून नकोत असं म्हटलं आहे. दिवसेंदिवस झोपून राहिल्यानंही दुखणं लांबतं. (आपल्याकडच्या सलाईनचा तर कंबरेशी संबंधच नाही, ते फक्त बिल वाढवतं.) दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगताना मला संकोच वाटतो. पण राबणं आणि व्यायाम एक नव्हे. दिवसभर पुढेच वाकलेल्या कंबरेला मधूनमधून उभं राहून हळूच मागं ताणणं, रात्री पाठीवर पडून गुडघे पोटाशी घेणं, हे खोपीतही जमतं. मोळी लहान बांधणं, वजन घेऊन कंबरेतून न वळणं, हेही उपयोगाचं.

काही खुणा मात्र गटातल्या प्रत्येकीला पाठ हव्यात. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातलं बळ कमी होत चाललं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. बारीक ताप, वजन घटणं, रात्री न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. तो औषधांनी बरा होतो.

२०१९ नंतर बीडमध्ये अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगलं झालं. पण त्या परवानगीनं मोळीचं वजन कमी होत नाही. मोळी लहान बांधली तर खेपा वाढतात, आणि मजुरी टनावर असते. उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर मिळते. बाईनं दुखतं म्हणून दिवस बुडवला तर मुकादम दंड कापतो. म्हणून आजारपणाच्या खाड्याला दंड नको, रात्रीची भरणी बंद करा आणि फडाजवळ तपासणीची सोय कारखान्यानं करावी, या मागण्या गळीत हंगामाआधी, उचल घेतानाच पुढे ठेवायला हव्यात. एकदा पैसा हातात पडला की बोलायला जागा राहत नाही.